सरकी, तीळ आणि तेलाचा खवटपणा
(नभोवाणीवरून केलेल्या भाषणाचा मजकूर)



'तेल' हा आपला नित्याचा शब्द 'तीळ' या शब्दापासून निघालेला आहे. संस्कृतात तिलापासून जे निघते ते तैल. पुढे सरकीपासून निघाले तरी तेल, शेंगदाण्यापासून निघाले तरी तेल, आणि जमिनीच्या पोटातून पंपाने उपसले तरी तेही तेलच. एका चिमुकल्या बीने एवढ्या मोठ्या वस्तुजातीला आपले नाव द्यावे याचे कारण केवळ ती बी जुनी आहे एवढेच नसावे. हडप्पा येथील उत्खननात जळून कोळसा झालेले तीळ सापडले आहेत. म्हणजे या देशातील माणसाची व तिळाची ओळख चार हजार वर्षांहून जुनी आहे हे खरे. परंतु तिळाच्या तेलाच्या अंगी दुसराही एक गुण आहे, आणि तो आपल्या आज्या-पणज्यांना रसायनशास्त्राचा गंध नसतानाही पुरता ठाऊक होता. हे तेल लवकर खवटत नाही. आज मला बोलावयाचे आहे ते या न खवटण्याविषयी. तेल ज्या कारणाने खवटते आणि ज्या द्रव्यांमुळे ते टिकते, त्यांचाच संबंध आपल्या शरीराच्या झिजेशी जोडला जातो, आणि त्या संबंधाच्या नावावर औषधांच्या दुकानात बराच पैसा खर्च होत असतो.

मी राहतो ते करजण गाव बडोदे जिल्ह्यात, मुंबईहून बडोद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. स्थानकाचे नाव मियागाम-करजण. ढाढर आणि नर्मदा या नद्यांमधल्या या काळ्याभोर जमिनीच्या मुलखाला येथील लोक 'कानम' म्हणतात, आणि कानम म्हटले की कापूस हे समीकरण ठरलेले. १८६२ साली खंडेराव महाराज गायकवाडांनी डभोईपासून मियागामपर्यंत सुमारे वीस मैलांचा अरुंद लोहमार्ग घातला. भारतातला त्या जातीचा तो पहिला मार्ग. गंमत अशी की, त्यावरचे डबे आरंभी बैल ओढीत असत. रूळच इतके हलके होते की त्यांना इंजिनाचा भार सोसला नसता! अमेरिकेत त्या वेळी यादवी युद्ध पेटलेले होते, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचे मोल आले होते.

परंतु कापूस म्हणजे नुसते रुई नव्हे. शेतातून वेचलेल्या कापसाचे वजन केले तर त्यात रुई सुमारे एक तृतीयांश, आणि उरलेली बहुतेक सरकीच भरते. लोढणीतून रुई एका बाजूस पडते व सरकी दुसऱ्या बाजूस. जगाने दीर्घकाळ रुईकडेच पाहिले. अमेरिकेत तर एकोणिसाव्या शतकात सरकी ही एक अडचण समजली जाई. ती टाकून देत, कुजवीत. आपल्याकडे निदान ती गुरांपुढे घालण्याची चाल होती. या सरकीत शेकडा अठराच्या आसपास तेल असते. गुजरातेत त्याला 'कपासियानुं तेल' म्हणतात, आणि भुईमुगाचे तेल ज्यांना परवडत नाही अशा हजारो घरांतील फोडणी आज त्याच तेलात होते. फरसाणाच्या दुकानातील कढईतही बहुधा तेच असते.

तेल खवटते म्हणजे नेमके काय होते, हे आधी पाहू. तेलाचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. त्या साखळीत काही ठिकाणी कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात, आणि त्या बंधांशेजारचा हायड्रोजन थोडा सैल असतो. उष्णता, उजेड किंवा लोखंड-तांब्यासारख्या धातूचा अंश यांच्यामुळे हा हायड्रोजन निसटला, की मागे राहिलेला रेणू अपुरा, अस्वस्थ होतो. त्यास शास्त्रज्ञ 'मुक्त मूलक' म्हणतात. हा अस्वस्थ रेणू हवेतील ऑक्सिजनाला पकडतो आणि आपली उणीव भरून काढण्यासाठी शेजाऱ्याचा हायड्रोजन हिसकावून घेतो. मग शेजारी अस्वस्थ होतो. तो पुढच्याचा हिसकावतो. आठवड्याच्या बाजारात एकाचा खिसा कापला गेल्यावर त्याने दुसऱ्याचा कापावा, दुसऱ्याने तिसऱ्याचा, असा हा प्रकार आहे. शेवटी साखळ्या तुटून त्यांचे लहान लहान तुकडे होतात, आणि आपल्या नाकाला जो उग्र, जुनाट वास येतो तो या तुकड्यांचा.

आता या बाजारात एखादा गृहस्थ असा निघाला की, त्याने आपल्या खिशातला पैसा आपण होऊन देऊन टाकला आणि स्वतः मात्र कोणाच्याही खिशाला हात लावला नाही, तर चोरीची ही मालिका तेथेच थांबेल. असे गृहस्थ तेलबियांमध्ये निसर्गानेच ठेवलेले आहेत. त्यांना प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये म्हणतात. त्यांनी आपला हायड्रोजन दिला की ती स्वतः अपुरी होतात खरी, परंतु त्यांच्या रेणूची घडणच अशी असते की, तो अपुरेपणा ती शांतपणे सोसू शकतात. बीच्या दृष्टीने पाहिले तर ही व्यवस्था अगदी आवश्यक आहे. बीला महिनोन्‌महिने कोरड्या मातीत किंवा कोठारात पडून राहावयाचे असते, आणि अंकुराची शिदोरी म्हणून तिने तेल साठविलेले असते. ती शिदोरी उगवण्यापूर्वीच नासली तर अंकुर काय खाईल? माणसाच्या आरोग्यासाठी म्हणून ही द्रव्ये बीत आलेली नाहीत. ती बीच्या स्वतःच्या संसारासाठी आहेत. आपण त्यांचे आयते वाटेकरी.

यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे टोकोफेरॉल, अर्थात 'ई' जीवनसत्त्व. १९२२ साली कॅलिफोर्नियात हर्बर्ट एव्हान्स आणि कॅथरीन बिशप या दोघांनी उंदरांना शुद्ध केलेल्या अन्नघटकांवर ठेवले. उंदीर वाढले, धष्टपुष्ट दिसू लागले, पण माद्यांची पिल्ले गर्भातच दगावू लागली. सॅलडची पाने चारली, पुढे गव्हाच्या अंकुराचे तेल दिले, आणि पिल्ले सुखरूप जन्मली. १९३६ मध्ये ते द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याचे बारसे करण्यासाठी विद्यापीठातील ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांचा सल्ला घेतला गेला. 'टोकोस' म्हणजे प्रसूती व 'फेरीन' म्हणजे धारण करणे, यांवरून टोकोफेरॉल हे नाव आले. तेल टिकविण्याचे काम हेच द्रव्य करते, हे पुढच्याच वर्षी ध्यानात आले. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थाचे असते. त्या आवरणालाही एक प्रकारे खवटण्याचे भय आहे, आणि तेथेही टोकोफेरॉल पहारा देते. एकदा खर्ची पडलेले टोकोफेरॉल 'क' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने पुन्हा ताजे होते. तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर पानात लिंबाची फोड वाढण्याची आपली रीत मुळीच वेडगळ नाही.

आता आकडे सांगतो. शंभर ग्रॅम सूर्यफुलाच्या तेलात आल्फा जातीचे टोकोफेरॉल सुमारे ४० मिलिग्रॅम, सरकी व करडई यांच्या तेलांत सुमारे ३५, तर शेंगदाण्याच्या तेलात सुमारे १५ असते. तिळाच्या तेलात ते जेमतेम दीड मिलिग्रॅम! प्रौढ माणसाची रोजची गरज अमेरिकेतील तज्ज्ञांनी १५ मिलिग्रॅम ठरविली आहे. म्हणजे स्वयंपाकातून मोठा चमचाभर सरकीचे तेल पोटात गेले तर त्या गरजेचा तिसरा हिस्सा तेथेच भागतो. ज्या सरकीच्या तेलाला आपण गरिबाचे तेल म्हणून नाक मुरडतो, ते या बाबतीत शेंगदाण्याच्या तेलाच्या दुपटीहून सरस आहे, हे आमच्या गावातील पुष्कळ सुखवस्तू गृहिणींना ऐकूनही खरे वाटत नाही.

येथे एक कोडे उभे राहते. तिळाच्या तेलात आल्फा टोकोफेरॉल इतके थोडे, आणि तरीही ते सर्वांत टिकाऊ, हे कसे? त्याचे एक उत्तर असे की, तिळात टोकोफेरॉलची दुसरी जात, गॅमा नावाची, बरीच असते, आणि बाटलीतले तेल राखण्यात ती आल्फापेक्षा वाकबगार आहे. दुसरे उत्तर अधिक मनोरंजक आहे. तिळात सेसमिन आणि सेसमोलिन नावाची दोन द्रव्ये असतात, ती इतर तेलबियांत नसतात. सेसमोलिन हे स्वतः फारसे कर्तबगार नाही. परंतु तीळ भाजले किंवा तेल तापविले की ते फुटून त्यातून सेसमॉल निघते, आणि ते मात्र प्रबळ प्रतिऑक्सिडीकारक असते. तेल शुद्ध करताना मातीच्या साहाय्याने त्याचा रंग काढतात, तेव्हा याच सेसमोलिनपासून सेसमिनॉल नावाचे आणखी एक रक्षक द्रव्य तयार होते. हे जपानातील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात उलगडून दाखविले. इतर तेले तापविली की त्यांचे रक्षक घटत जातात. तिळाच्या तेलात तापविल्यावर नवा रक्षक जन्माला येतो. संक्रांतीच्या लाडवांसाठी तीळ आधी खमंग भाजून घेण्यात चवीखेरीज हाही लाभ असतो. गुजरातेत हिवाळ्यात तीळ आणि गूळ घाण्यात एकत्र चेचून 'कचरियुं' करतात. तेल सुटलेले, चिकट, काळपट असे ते दिसावयास काही सुंदर नसते. परंतु त्यात तिळाचे काहीच वाया जात नाही, आणि त्याच्या आवडीत माझा मराठीपणा कधीही आड आलेला नाही.

याच सेसमोलिनची आणखी एक कामगिरी आपल्या देशाच्या कायद्यात नोंदलेली आहे. वनस्पती तूप बाजारात आले, तेव्हा ते खऱ्या तुपात मिसळून विकण्याचा धंदाही त्याच्या पाठोपाठ आला. दोन्ही दिसावयास सारखीच, मग भेसळ ओळखावी कशी? सरकारने कारखानदारांवर बंधन घातले की, वनस्पती तुपात निदान शेकडा पाच भाग तिळाचे तेल घातलेच पाहिजे. तिळाच्या तेलाचा अंश असलेल्या तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल घालून हलविले की लालभडक रंग उमटतो. बोदूँ नावाच्या शास्त्रज्ञाची ही परीक्षा. ज्या कुळातील द्रव्य तेलाला टिकविते, तेच चोराच्या तोंडाला रंग फासते! पोलिसी कामासाठी बीची निवड करावयाची झाल्यास ती तिळाचीच व्हावी, हे मला योग्यच वाटते.

आता पुन्हा सरकीकडे वळतो, कारण तिच्यात एक इशारा दडलेला आहे. सरकीचा दाणा सोलून आतला मगज भिंगाखाली पाहिला तर त्यात बारीक बारीक काळसर ठिपके दिसतात. मी वर्गात मुलांना हे नेहमी दाखवितो. त्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य भरलेले असते. कापसाच्या शास्त्रीय नावावरून, म्हणजे गॉसिपियमवरून, हे नाव पडले. गॉसिपॉल हे अत्यंत समर्थ असे नैसर्गिक प्रतिऑक्सिडीकारक आहे. ते असलेले कच्चे, काळपट तेल लवकर खवटत नाही. आणि ते विष आहे. कापसाचे झाड त्याच्या योगे किडींना दूर ठेवते. डुकरांना व कोंबड्यांना सरकीची पेंड फार झाली तर ती आजारी पडतात, मरतातही. गाई-म्हशींना ती पुष्कळशी सोसते, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात गॉसिपॉल प्रथिनांशी बांधले जाऊन निष्प्रभ होते. वासरांची गोष्ट मात्र निराळी, त्यांचे ते पोट अजून तयार झालेले नसते, म्हणून लहान वासरांना सरकी घालू नये असे जाणते गुराखी सांगतात ते बरोबर आहे.

माणसावर त्याचा काय परिणाम होतो, हे चीनमध्ये दिसून आले. १९५० नंतरच्या दशकात जिआंगसू प्रांतातील काही खेड्यांत कच्चे सरकीचे तेल खाण्यात आल्यापासून पाळणे हलेनासे झाले. शोध घेता दोष गॉसिपॉलकडे गेला. त्याने पुरुषाचे वीर्य निर्बीज होते. १९७० नंतर चीनमधील शास्त्रज्ञांनी तेच औषध म्हणून वापरून पाहिले, आठ हजारांहून अधिक पुरुषांना ते दिले. हेतू साधला, परंतु काहींच्या रक्तातील पोटॅशियम धोकादायक रीत्या उतरले, आणि काहींचे वंध्यत्व औषध थांबविल्यावरही कायम राहिले. तो प्रयोग अखेर सोडून द्यावा लागला. शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलात गॉसिपॉल उरत नाही, म्हणून बाजारातील डब्यातल्या तेलाची कोणी धास्ती घेऊ नये. परंतु 'नैसर्गिक आहे, तेव्हा निर्धोक आहे' असे जे हल्ली जाहिरातींतून ऐकू येते, त्याला उत्तर म्हणून सरकीचा एक दाणा सोलून दाखविणे पुरे आहे.

या बाबतीत एक आशेची वार्ताही आहे. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी असा कापूस तयार केला की, ज्याच्या पानांत व खोडात गॉसिपॉल राहते, त्यामुळे किडींपासून संरक्षण मिळते; पण बियांत ते नाममात्रच उरते. २००६ मध्ये त्यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले, आणि २०१९ मध्ये तेथील अन्न व औषध खात्याने ती सरकी माणसाच्या खाण्यास संमत केली. सरकीच्या मगजात उत्तम प्रथिने असतात. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये दिला. ते सुरत आमच्यापासून रेल्वेने काही तासांच्याच अंतरावर आहे. ज्या मुलखाने जगाला तो कापूस दिला, त्या मुलखातील मुलांच्या ताटात कधी काळी सरकीची उसळ पडली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

'शुद्ध केलेले' म्हणजे रिफाइंड तेल आणि घाण्याचे तेल, यांचा वाद सध्या घरोघर चालू असतो. त्याविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे. कारखान्यात तेल प्रथम क्षाराने धुतात, नंतर विशिष्ट मातीतून गाळून त्याचा रंग काढतात, आणि शेवटी निर्वात पात्रात दोनशे अंश सेल्सियसच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात; त्यामुळे वास निघून जातो. या अखेरच्या पायरीत वासाबरोबर टोकोफेरॉलचाही काही भाग उडून जातो. तो फुकट जात नाही बरे! थंड करून जो गाळ मिळतो, त्यातून टोकोफेरॉल वेगळे काढतात. बाजारात 'नैसर्गिक ई जीवनसत्त्व' म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्यांतील पुष्कळसा माल सोयाबीनच्या तेलाच्या अशाच गाळातून आलेला असतो. म्हणजे तेलातून जे काढले, तेच गोळीत भरून आपण पुन्हा विकत घेतो. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण येथे पुरती लागू पडत नाही एवढेच. येथे धुपाटण्याचेही वेगळे पैसे मोजावे लागतात.

घाण्याच्या तेलाचा कैवार घेणाऱ्यांची परंपरा मोठी थोर आहे. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला. वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी जुन्या बैलघाण्याचा बारकाईने अभ्यास करून त्यात सुधारणा केल्या, आणि तो 'वर्धा घाणी' म्हणून देशभर गेला. एका गुजराती माणसाने मराठी मुलखात बसून केलेले हे काम आहे. कोकणपट्टीत तर घाण्याचा धंदा बेने इस्राएल लोकांच्या हाती होता, आणि ते शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनवार तेली' हेच नाव पडले. ताज्या तिळाचे घाण्याचे तेल मी स्वतः आवडीने खातो. त्यात लिग्नान जातीची ती सारी द्रव्ये शाबूत असतात, आणि सुवास तर काय वर्णावा!

तथापि घाण्याच्या भक्तीलाही विवेकाची जोड हवी. सरकीचे तेल न शुद्ध करता खाणे हा अविचार होय, हे आताच सांगितले. भुईमुगाचे दाणे ओले राहून बुरसटले तर त्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष धरते. १९६० मध्ये इंग्लंडात ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. ते यकृताला बाधते व कर्करोगाचे कारण होते. कारखान्यातील क्षाराच्या धुण्यात ते बहुतांशी निघून जाते. घाण्यात मात्र जसा दाणा तसे तेल. तेव्हा घाण्याचे तेल घ्यावयाचे झाल्यास तेल्याच्या दारी जाऊन तेलाआधी त्याचे दाणे पाहावेत. आणि जवसाचे तेल? विदर्भात ते पूर्वापार खाल्ले जाते. त्याच्यातील निम्म्याहून अधिक स्निग्धांश तीन दुहेरी बंधांचा असतो. तो हृदयाला हितकर खरा, पण चटकन खवटणाराही. हेच तेल हवेत सुकून घट्ट होते म्हणून चित्रकार ते रंगात कालवितात. जवस भाजून, त्याची चटणी करून आठवडाभरात संपवावी, हे आपल्या बायकांनी शोधलेले उत्तर अजूनही सर्वांत चांगले आहे.

आता त्या गोळ्यांविषयी. आमच्या शाळेतील पालक मला कधी कधी विचारतात, 'मास्तर, मुलाला ई जीवनसत्त्वाची गोळी चालू करू का? म्हाताऱ्या वडिलांना देऊ का?' ते रास्तच विचारतात. तेलाच्या बाटलीत जे द्रव्य झीज थांबविते, ते शरीरातही थांबवील, आणि जितके अधिक तितके चांगले, हा तर्क वरवर पाहता निर्दोष वाटतो. मोठमोठ्या डॉक्टरांनाही तो तसाच वाटला होता. म्हणून त्यांनी त्याची परीक्षा घेतली. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांना काही वर्षे ई जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन, दोन्ही, किंवा नुसती खोटी गोळी देण्यात आली. १९९४ मध्ये निकाल लागला. ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही. आणि बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो उलट शेकडा १८ ने अधिक आढळला. पुढे अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांवर आणखी एक परीक्षा झाली. २००८ मध्ये ती लाभ दिसेना म्हणून थांबवावी लागली, आणि २०११ मध्ये असे प्रसिद्ध झाले की, रोज ४०० एककांची ई जीवनसत्त्वाची गोळी घेणाऱ्यांत प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शेकडा १७ ने जास्त झाला होता.

असे का व्हावे? शरीर ही बाटली नव्हे. शरीर स्वतःच काही कामांसाठी मुक्त मूलके वापरते. रोगजंतूंना मारण्यासाठी आपल्या पांढऱ्या पेशी तेच शस्त्र उपसतात. शिवाय आल्फा टोकोफेरॉलचा पूर लोटला की रक्तातील गॅमा जात मागे हटते. बीमध्ये या जाती एकमेकींच्या सोबतीने, प्रथिने, तंतू आणि क्षारांसह असतात. गोळीत एकटीच जात, आणि तीही गरजेच्या कितीतरी पट. उलट तीळ खाल्ल्याने रक्तातील गॅमा टोकोफेरॉल वाढते, कारण तिळातील लिग्नान ते लवकर झिजू देत नाहीत, असे दिसून आले आहे. तीळ किंवा जवस खाल्ल्याने रक्तदाब व रक्तातील चरबी थोडी उतरते असेही काही लहान प्रयोगांत आढळले. ते आशादायक आहेत, परंतु त्यांच्या भरवशावर कोणी डॉक्टरांचे औषध बंद करू नये. ज्यांच्या आतड्यांत स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत अशा रोग्यांना गोळीची खरी गरज असते, आणि ती डॉक्टर ओळखतात. धट्टाकट्टा मुलगा असेल तर त्याच्या खिशात मूठभर भाजलेले शेंगदाणे घालावेत, लाल सालीसकट. त्या सालीतही असे उपयोगी पदार्थ असतात. गोळीला मी तरी पालकांना नाहीच म्हणतो.

गोळीची चिंता करणाऱ्या घरात तळणीच्या कढईकडे मात्र कोणी पाहत नाही. १८० अंशांच्या उकळत्या तेलात सर्वांत आधी खर्ची पडते ते टोकोफेरॉल. सकाळची भजी, दुपारच्या पुऱ्या, दुसऱ्या दिवशीचे गाठिये असे एकाच तेलात चालले, की रक्षक संपतात आणि मग साखळ्या तुटण्यास कोणतीच आडकाठी राहत नाही. तेल काळवंडते, घट्ट होते, त्यावर फेस धरतो व धूर लवकर निघू लागतो. तेलात तयार झालेल्या या विकृत पदार्थांचे प्रमाण शेकडा २५ च्या वर गेले तर ते तेल खाण्यास वापरू नये, असा नियम आपल्या देशात १ जुलै २०१८ पासून लागू झाला आहे. नियम चांगला आहे. परंतु महामार्गावरील प्रत्येक कढईपाशी तपासनीस कोठून उभा करणार? तेथे आपले डोळे आणि नाक हेच तपासनीस. फेसाळ, काळ्या कढईतला पदार्थ मी मुलांना घेऊ देत नाही, मग दुकान कितीही नामांकित असो.

घरातल्या काही साध्या गोष्टी सांगून ठेवतो. पंधरा किलोंचा डबा चार माणसांच्या कुटुंबाने एकदम फोडू नये. घ्यावयाचाच तर शेजाऱ्यांत वाटून घ्यावा. चुलीजवळच्या फळीवर, उन्हाच्या झोतात पारदर्शक बाटली ठेवणे म्हणजे खवटपणाला आमंत्रणच. आमच्या विज्ञानाच्या वर्गात मुले एकाच डब्यातील तेल दोन बाटल्यांत भरतात, एक खिडकीत व एक कपाटात ठेवतात, आणि काही आठवड्यांनी डोळे मिटून वास घेतात. आजवर एकाही मुलाचे उत्तर चुकलेले नाही. जुन्या तेलात नवे ओतू नये, कारण जुन्यातली अस्वस्थता नव्याला लागते. तांब्याच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात तेल साठवू नये. एकच तेल वर्षभर धरून बसण्यापेक्षा आलटून पालटून वापरावे. तेलाच्या पुड्यावर 'प्रतिऑक्सिडीकारक ३१९' असे लिहिलेले आढळले तर ते टीबीएचक्यू नावाचे कारखान्यात तयार केलेले द्रव्य समजावे. दशलक्ष भागांत २०० भागांची मर्यादा पाळली तर ते कायद्याने संमत आहे. ३०६ व ३०७ हे आकडे मात्र टोकोफेरॉलचे असतात.

आणि तळणीनंतर उरलेले तेल? एकदा गाळून दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीस ते वापरावे, पुन्हा तळणीस चढवू नये. त्याहून जुने झालेले मोरीत ओतू नये, गटारे तुंबतात. २०१८ च्या ऑगस्टपासून असे वापरलेले तेल गोळा करून त्यापासून वाहनांचे इंधन करण्याची योजना अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सुरू केली आहे, आणि शहरांतील मोठी उपाहारगृहे आपले तेल तिकडे देऊ शकतात. आपल्या घरचे वाटीभर तेल तेथवर पोहोचणे कठीण. तेव्हा ते वर्तमानपत्राच्या कागदात किंवा लाकडाच्या भुशात टिपून कचऱ्यात द्यावे, किंवा बंबात जळण पेटविण्यास घ्यावे.